वरखत आणि भरखत

(यवतमाळ जिल्ह्यातील एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात संविधान दिनानिमित्त दिलेले व्याख्यान, थोडे संपादित करून.)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते, आणि दिवसभर कापसाची वेचणी करून संध्याकाळी येथे येऊन बसलेल्या माझ्या मायबहिणींनो आणि बंधूंनो,

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापला आहे, ‘नागरिक घडविण्यात राज्यसंस्थेची जबाबदारी’. हा विषय मीच मागून घेतला. एकतीस वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शाळांत नागरिकशास्त्र शिकवले आणि त्यांपैकी अकरा वर्षे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून, म्हणजे आपण ज्याला बीएलओ म्हणतो ते काम शाळा सांभाळून केले. आज मला जे सांगायचे आहे त्यातले बहुतेक शाळेतून आलेले नाही. ते मतदार यादी बगलेत धरून गल्लीबोळांतून फिरताना सुचलेले आहे. नऊ वाजता शेतीची लाइन येते आणि निम्म्या मंडळींना हरभऱ्याच्या ओलिताला जायचे आहे, हे अध्यक्षांनी मला आधीच बजावून ठेवले आहे. तेव्हा सुरुवात करतो.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधानाचा मसुदा घटना समितीपुढे चर्चेला ठेवला. त्या भाषणात त्यांनी सांगितले की संविधानिक नीतिमत्ता ही माणसाच्या अंगी उपजत नसते, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांनी ती अजून शिकायची आहे. त्याच्या पुढच्याच वाक्यात भारतातल्या लोकशाहीसाठी त्यांनी इंग्रजीत जो शब्द वापरला तो होता ‘टॉप ड्रेसिंग’. मुळात लोकशाही नसलेल्या जमिनीवर वरून दिलेला थर, असा त्याचा आशय. मी हे भाषण प्रथम वाचले तेव्हा या शब्दावर बराच वेळ थांबलो होतो, कारण हा आपला, शेतकऱ्याचा शब्द आहे. कृषी विभागाच्या मराठीत त्याला वरखत म्हणतात. आपण साध्या बोलीत वरचा डोस म्हणतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, महिन्याची झाली की डवरणी आटोपून आपण युरियाचा डोस देतो, तो वरखताचाच. आणि पेरणीच्या आधी उन्हाळ्यात बंडीबंडीने शेणखत नेऊन जे रानात पसरतो, ते भरखत.

आता या सभागृहातल्या कोणालाही विचारा, वरखत कधी लागू पडते? जमिनीत ओल असेल तर. कोरड्या रानात युरिया फेकला तर नत्र हवेत उडून जाते आणि पोत्याचे पैसे तेवढे जातात. ओल धरून ठेवायला जमिनीत कस लागतो, आणि कस येतो भरखताने. वर्षानुवर्षे शेणखत न पडलेल्या रानात डोस वाढवत नेला तरी पीक तेवढ्यापुरते काळेभोर दिसते आणि पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की मान टाकते. बाबासाहेबांच्या त्या एका शब्दातून माझा आजचा सगळा विषय निघतो. राज्यसंस्था आपल्याला लोकशाहीचे वरखत पुष्कळ देते. भरखत देण्यात मात्र ती कमी पडते.

एक गोष्ट येथे लपवणे बरे होणार नाही. त्याच भाषणात बाबासाहेब खेड्यांविषयी फार कठोर बोलले होते. खेडे म्हणजे संकुचितपणाचे डबके आणि अज्ञानाची गुहा, असा त्यांचा रोख होता. त्यांनी खेड्यातली जात जवळून भोगली होती, त्यामुळे गावाच्या पारावर बसून त्या शब्दांवर रागावण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याच महिन्यात घटना समितीने ग्रामपंचायतींची तरतूद संविधानात घातली, आज आपण तिला कलम ४० म्हणून ओळखतो. राज्याने ग्रामपंचायती स्थापाव्यात आणि त्यांना स्वराज्याचे घटक म्हणून काम करता येईल असे अधिकार द्यावेत, असे ते कलम सांगते. म्हणजे एकाच महिन्यात गावाविषयीचा अविश्वासही नोंदला गेला आणि गावावर टाकलेली जबाबदारीही. या दोहोंच्या मध्ये जे अंतर आहे ते कोणी भरून काढायचे? माझे उत्तर आहे, राज्यसंस्थेने. गावाला स्वराज्य द्यायचे असेल तर ते चालवायला शिकवण्याची सोय करणे हा त्या देण्याचाच भाग आहे.

राज्यसंस्थेला हे जमते, याचा पुरावा आपल्याकडे आहे. १९५१-५२ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवा. तेव्हा आपला हा भाग मध्य प्रदेशात होता. देशात १७ कोटींहून अधिक मतदार आणि साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास. आधी लोकांना अक्षर शिकवू, मग मत देऊ, असे सांगणारे विद्वान तेव्हा कमी नव्हते. इंग्रजांच्या काळात मत होते ते जमीन, कर आणि शिक्षण असणाऱ्यांना. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने अक्षराची अट बाजूला ठेवून काम मांडले. उमेदवाराला चिन्ह दिले, आणि प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवून तिच्यावर ते चिन्ह लावले. मतपत्रिकेवर काही लिहायचेच नव्हते. ज्या पेटीवर आपली खूण, तिच्यात कागद टाकायचा. गावोगाव सराव-मतदान घेतले गेले, रेडिओवरून आणि चित्रपटगृहांतून माहिती दिली गेली. कोट्यवधी निरक्षर माणसांनी मतदान कसे करायचे हे मतदान करूनच शिकून घेतले.

त्याच वेळची दुसरी हकिकत मला अधिक महत्त्वाची वाटते. याद्या तयार होत असताना, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, लाखो बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढेच सांगितले. परक्या पुरुषाला नाव सांगायचे नाही, ही रीत. आयोगाने ठरवले की अशी नोंद चालणार नाही, मतदाराला स्वतःचे नाव असले पाहिजे. सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळाली. त्या वेळी टीका झाली, आणि मलाही तो निर्णय वाचताना दरवेळी टोचतो, कारण शिक्षा झाली ती ज्यांचा दोष सर्वांत कमी त्यांना. तरी त्यातून एक गोष्ट ठरली. राज्याच्या वहीत बाई ही बाई म्हणून, स्वतःच्या नावाने येईल. यादी ही क्षुल्लक बाब नाही. नागरिक म्हणून आपण आहोत की नाही, हे राज्य आपल्याला प्रथम यादीतूनच सांगते.

आता मी माझ्या गावची गोष्ट सांगणार आहे. ती लांब आहे, आणि मंचावरच्या काही मंडळींनी ती माझ्याकडून पूर्वी ऐकली आहे. तरीही सांगतो, कारण माझे म्हणणे त्या गोष्टीबाहेर फारसे नाही.

आपल्या विदर्भात वर्धा जिल्ह्यात १९७४पासून आणि गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठली. यवतमाळात नाही. परंतु गावातले परवानाधारक दुकान बंद करण्याचा एक मार्ग महाराष्ट्र शासनाने सर्वत्र खुला ठेवला आहे. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, सह्यांची पडताळणी होते, आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहू द्यायचे असेल तर उभी, बंद करायचे असेल तर आडवी. माझ्या मते नागरिक-शिक्षणाचे इतके चांगले साधन या राज्यात क्वचितच निघाले असेल. आठवड्याचा पगार घरी पोहोचण्याआधी जो दुकानात जातो, त्याच्या बायकोला शासन सांगते की तुझ्या गावात हे दुकान असावे की नसावे, याचा निकाल तू दे.

फक्त एक अट आहे, आणि गोष्ट तिच्यापाशीच अडते. झालेल्या मतदानाच्या निम्मी मते पुरत नाहीत. यादीत जेवढ्या महिलांची नावे आहेत, त्यांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत.

आमच्या गावच्या बायकांनी काही वर्षांपूर्वी ही मागणी केली. बचत गटाच्या बैठकीतून विषय निघाला, सह्या झाल्या, पडताळणीसाठी त्या एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जाऊन आल्या. मतदानाचा दिवस ठरला तो ऐन वेचणीतला. किलोमागे मजुरी असते, एक दिवस बुडाला की त्या आठवड्याच्या बाजाराचे पैसे बुडतात, हे आपल्याला मी सांगायला नको. तरी बायका आल्या. सकाळी आठपासून शाळेच्या व्हरांड्यात रांग होती. पंचाऐंशीच्या पुढच्या दोन म्हाताऱ्यांना नातवांनी बंडीवर आणले होते. संध्याकाळी मोजणी झाली. आडव्या बाटलीला ३०९, उभ्या बाटलीला २१, बाद ४. बायकांनी मोजणी संपण्याआधीच गुलाल आणला होता.

तेव्हा अधिकाऱ्यांनी जाहीर केले की दुकान राहील. यादीत ६४२ महिला आहेत, ३२२ मते हवी होती, तेरा कमी पडली.

शाळेच्या पटांगणात कोणी काही बोलेना. मग बचत गटाच्या एक मावशी, ज्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या, माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, एवढ्या बाया आपल्या गावात हायेत तरी कुठं? मी त घरंघर फिरली. मले त त्या दिसल्या नाही.”

मी कपाटातून यादी काढली. त्या रात्री शाळेच्या वर्गात, विजेच्या एका दिव्याखाली, वीसपंचवीस बायका आणि मी यादी वाचायला बसलो. मी नाव वाचत असे आणि बायका सांगत असत. ही आहे. ही आहे. ही मेली. हिचे लग्न होऊन ती दारव्ह्याला गेली, तिला दोन लेकरे आहेत. ही पुण्याला. ही आहे. ही मेली. अर्ध्या यादीपर्यंत आलो तेव्हा त्याच मावशींनी मला थांबवले. “हे नाव त माह्या सासूचं हाय. तिले मरून सात वर्सं झाले. मंग गुरुजी, तिनं मत देलं नाही म्हणून ते दुकानाच्या बाजूनं मोजली का?”

मी म्हटले, हो, हिशेब तसाच आहे. त्यावर त्या म्हणाल्या, “जिच्या नवऱ्यानं दारूपायी दोन एकर इकलं, ते मेल्यावर दुकानाच्या बाजूनं उभी राह्यली?”

मित्रहो, मी एकतीस वर्षे फळ्यावर ‘लोकशाही म्हणजे बहुमताचे शासन’ असे लिहीत आलो. बहुमत कितींपैकी मोजायचे, तो छेद कसा ठरतो आणि कोण ठरवतो, हा प्रश्न मला कधी कोणा विद्यार्थ्याने विचारला नव्हता. त्या बाईने विचारला. वाचन संपले तेव्हा ७१ नावे अशी निघाली की जी मयत होती किंवा लग्न होऊन कायमची परगावी गेली होती. मावशींच्या नातीने, सातवीतल्या मुलीने, खडूने फळ्यावर वजाबाकी केली. ६४२ वजा ७१, राहिल्या ५७१. निम्म्याहून अधिक म्हणजे २८६. आडव्या बाटलीला ३०९ पडली होती. खऱ्या गावात बायका जिंकल्या होत्या, यादीतल्या गावात हरल्या होत्या.

आणि जखमेवर मीठ म्हणजे, सून म्हणून गावात आलेल्या तीसबत्तीस जणी यादीत नव्हत्याच. त्यांची नावे अजून माहेरच्या गावी होती. दारू पिणारा नवरा या गावात आणि मत त्या गावात.

आता आपण विचाराल की बीएलओ तर तुम्हीच होता. होतो. ही यादी माझ्याच हातातली होती, आणि त्या रात्री मला फार लाज वाटली. मयतांची नावे कमी करण्यासाठी नमुना ७ चे अर्ज मी आदल्या वर्षी भरून तालुक्याच्या कार्यालयात दिले होते. त्यांचे पुढे काय झाले ते कळले नाही, कारण मी पोच घेतली नव्हती. मागितली तेव्हा टेबलावरचा माणूस म्हणाला होता, “गुरुजी, घरचंच काम आहे, पोच कशाला?” आणि मी गप्प बसलो. नागरिकशास्त्राचा शिक्षक पोच न घेता परत आला. यात त्या एका माणसाचा दोष काढण्यात मला अर्थ वाटत नाही. जन्म-मृत्यूची नोंद आपल्याकडे ग्रामपंचायतीत होते, ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तिचा निबंधक असतो. म्हणजे त्या सासूबाई वारल्याचे राज्याला सात वर्षांपूर्वीच अधिकृतपणे ठाऊक होते. पंचायतीच्या कपाटातल्या वहीत त्या मयत होत्या, आणि रस्त्यापलीकडच्या शाळेच्या कपाटातल्या यादीत मतदार होत्या. दोन्ही वह्या शासनाच्या, मधले अंतर दीडशे पावलांचे.

त्यानंतर जे झाले ते थोडक्यात सांगतो. बायकांनी यादी सोडली नाही. दर शनिवारी बचत गटाची बैठक संपली की यादीची चार पाने वाचायची, असा परिपाठच पडला. मयतांचे दाखले पंचायतीतून काढले, नमुना ७ भरले, सुनांची नावे घालण्यासाठी तेव्हाच्या रीतीप्रमाणे नमुना ६ भरले, आणि प्रत्येक अर्जाची पोच घेतली. पोच मिळेपर्यंत मावशी टेबलासमोरून हलत नसत. पोचांसाठी त्यांनी प्लॅस्टिकची वेगळी पिशवी शिवली होती. दोन वर्षांनी पुन्हा मतदान झाले आणि दुकान बंद झाले. गावातली दारू संपली असे मी म्हणणार नाही, मोटारसायकलवरून ती अजून येते. पण त्या बायका आता मतदार यादीवर थांबलेल्या नाहीत. घरकुलाची यादी लागली की त्या वाचतात. रेशनची यादी वाचतात. रोजगार हमीची हजेरी वाचतात. मागच्या ग्रामसभेत त्यांनी विचारले की पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून नाली कोणत्या वाड्यात झाली आणि कोणत्या वाड्यात झाली नाही. बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच खर्च करायचा निधी, हे त्यांना पाठ आहे. मी हे त्यांना शिकवलेले नाही.

याला मी भरखत म्हणतो. राज्याने एक खरा निर्णय बायकांच्या हातात दिला, आणि तो निर्णय घेण्यासाठी जे जे कळायला हवे ते त्यांनी स्वतः मिळवले. मात्र त्यांना दोन वर्षे आणि कितीतरी मजुरी मोजावी लागली, आणि ती किंमत राज्यानेच वाढवून ठेवली होती.

वरखत वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. २५ जानेवारीला २०११पासून राष्ट्रीय मतदार दिवस साजरा होतो, आपण प्रतिज्ञा घेतो. शाळांत २०२०पासून संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन होते, आणि पाचवीतली लेकरे ‘सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य’ एका दमात म्हणतात तेव्हा माझा ऊर भरून येतो. पण त्याच लेकराची आई ग्रामसभेत उभी राहिली आणि कोणी म्हणाले, ‘बाई, खाली बसा, तुमचा पुरुष कुठे आहे?’, तर ते लेकरू दोन्हींतून कोणता धडा घरी नेईल? दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्राचा मिळून एकच चाळीस गुणांचा पेपर असतो, त्यात मोठा वाटा इतिहासाचा. मुले घटनादुरुस्तीचे क्रमांक पाठ करतात. आपल्या वॉर्डाचा सदस्य कोण, हे त्यांना त्याच्या घरचे लग्न असले तर ठाऊक असते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. राज्यसंस्थेने नागरिक घडवायचे म्हणजे सत्तेवर असलेल्यांचे गुणगान शिकवायचे का? इंग्रजी अमदानीतली क्रमिक पुस्तके राज्यकर्त्यांचे उपकार शिकवीत असत, ते नागरिकांचे शिक्षण नव्हते, प्रजेचे होते. म्हणून मी सरकार आणि राज्यसंस्था हे शब्द वेगळे ठेवतो. सरकार पाच वर्षांनी बदलते. यादी, ग्रामसभा, सातबारा, जन्म-मृत्यूची वही, पोच, हे राहते. ‘मायबाप सरकार’ म्हणणारा माणूस आणि ‘लाभार्थी’ म्हणवून घेणारा माणूस यांत मला फारसे अंतर दिसत नाही. दोघेही हात पसरून उभे आहेत. पोच मागणाऱ्या बाईच्या हातात कागद आहे, आणि राज्याने जिची काळजी घ्यायची ती हीच.

दुसरा आक्षेप असा की हे काम चळवळींचे आहे, शासनाचे नाही. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा आपण ऐकली असेल. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने त्या गावाने अभ्यासगट चालवले. निर्णयाआधी अभ्यास आणि निर्णय सर्वसहमतीने, बहुमताने नव्हे. या अभ्यासाचे श्रेय शासनाचे नाही, हे कबूल. पण २००६चा वनहक्क कायदा संसदेने केला नसता, आणि २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क कागदावर मिळाला नसता, तर तो अभ्यास कशावर उभा राहिला असता? आणि हक्क मिळूनही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी त्यांना २०११पर्यंत झगडावे लागले, तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा तो प्रश्न सुटला. चळवळ शिकवते, हे खरे. शिकलेले वापरायला जागा राज्याने द्यावी लागते, आणि दिलेली जागा पुन्हा अडवू नये.

अध्यक्ष घड्याळ दाखवत आहेत. पावणेनऊ झाले आहेत आणि पत्रिकेवर जे छापले, की राज्यसंस्थेने नेमके काय करावे, ते अजून राहिलेच आहे. ते आता भरभर सांगतो.

पहिली मागणी चावडी वाचनाची. हा शब्द नवा नाही. महसूल खात्याने सातबाऱ्याचे चावडी वाचन गावोगाव केले आहे. मतदार यादीही ग्रामसभेत वाचावी असे निवडणूक आयोगाच्या पुनरीक्षण कार्यक्रमात असतेच, पण बहुतेक ठिकाणी ते इतिवृत्तापुरते होते. माझी मागणी अशी की मतदार, घरकुल, रेशन, रोजगार हमी आणि मयत-नोंदी या पाच याद्या वर्षातून एकदा, वाड्यावाड्यात, संध्याकाळी, मोठ्याने वाचल्या जाव्यात, वाचणारा शासनाचा कर्मचारी असावा आणि हरकत तिथेच लिहून घेऊन तिथेच पोच द्यावी.

दुसरी मागणी ग्रामसभेच्या वेळेविषयी. कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा होतात आणि बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ठेवतात. झेंडावंदनानंतर सभा म्हणजे मजुरी करणाऱ्याने एक तर सभा सोडायची किंवा रोज. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी कमी ती. ती झाली नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. ज्याला दहा माणसांत ठराव करून घ्यायचे आहेत त्याला हा रस्ता मोकळा आहे. तहकूब सभा त्याच आठवड्यात रात्री आणि दवंडी देऊन घ्यावी, एवढा साधा बदल पुष्कळ काही करील. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा कायद्यानेच सांगितली आहे. ती सहीपुरती होऊ नये, हे पाहणे पंचायत समितीच्या हातात आहे.

तिसरी गोष्ट शाळेची. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी वर्षातून एका ग्रामसभेला बसावे, मत नाही, फक्त ऐकायचे आणि इतिवृत्त लिहायचे. दुसऱ्या दिवशी ते इतिवृत्त वर्गात वाचायचे आणि पंचायतीच्या इतिवृत्ताशी ताडून पाहायचे. १९३७ साली वर्ध्यात जी शिक्षण परिषद भरली तिने हातांनी काम करत शिकण्याचा विचार देशापुढे ठेवला. सेवाग्राम आपल्यापासून फार लांब नाही. सूत कातण्याने गणित शिकता येते, तर इतिवृत्त लिहिण्याने नागरिकशास्त्र का शिकता येऊ नये?

आणि चौथी गोष्ट माणसांची. एका ग्रामसेवकाकडे अनेकदा एकाहून अधिक गावांचा कारभार असतो, बीएलओचे काम शिक्षकाने शाळा सांभाळून करायचे, आणि वर ऑनलाइन माहिती भरायची. याद्या का चुकतात हे शोधायला समिती नेमण्याची गरज नाही. वसंतराव नाईक, आपल्याच पुसद तालुक्यातले, यांच्या समितीच्या शिफारशींवर १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि राज्याने जिल्ह्याच्या पातळीवर माणसे, पैसा आणि अधिकार सढळ हाताने दिले. ग्रामसभेच्या पातळीवर तसा हात अजून सैल झालेला नाही. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, महाराष्ट्राने २०११ साली महिलांसाठी निम्म्या जागा राखल्या, आता त्या जागांवर बसलेल्या बाईला वही कशी वाचायची हे सांगणारा, बिनपक्षाचा, पगारी माणूस तालुक्याला एक तरी द्या. एवढे म्हणणे मला सविस्तर मांडायचे होते, ते लिहून वाचनालयाकडे देतो.

लाइन यायला आता सात-आठ मिनिटे आहेत. येताना मी आपल्या या गावची मतदार यादी छापून आणली आहे, ती त्या टेबलावर ठेवली आहे, सोबत नमुना ६ आणि नमुना ७ चे कोरे अर्ज आहेत. ज्यांना ओलिताला जायचे आहे त्यांनी जाताना आपल्या घरच्या क्रमांकाचे पान तेवढे पाहून जावे. बाकीच्यांनी सतरंजी इकडे पुढे ओढून घ्या. अनुक्रमांक १ पासून वाचतो. जी माणसे आज गावात नाहीत, त्यांचे नाव आले की मोठ्याने सांगा.